ज्येष्ठांच्या हातातली काठी काढून घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सण, मोर्चा, निवडणूक असे काही जवळ आले की महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालचा मनाई आदेश वर्तमानपत्रांत छापून येतो. सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे आणि त्याच ओळीत काठ्या किंवा लाठ्या. अशा आदेशांच्या शेवटी बहुधा आणखी एक वाक्य असते. शारीरिक दुर्बलतेमुळे ज्यांना काठी वापरावी लागते, त्यांना हा आदेश लागू नाही. बातमीत हे वाक्य क्वचितच येते. बंदोबस्तावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत तर ते पोहोचतच नाही, असा माझा अनुभव आहे. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि अमृतस्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ठरली आहेत. त्याआधी या वाक्याकडे सगळ्यांचे लक्ष जावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी नाशिकच्या एका शाळेतून शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. मुलींना लेझीम, कबड्डी आणि लाठीकाठी शिकवली. आता डाव्या गुडघ्याची झीज झाली आहे आणि हातात शिसवी काठी आहे. एसटीने मी एकटी फिरते. वणीला, त्र्यंबकला, पुण्याला लेकीकडे, निफाड तालुक्यात माहेरी. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धे तिकीट झाल्यापासून माझ्यासारख्या कितीतरी जणी गाडीत भेटतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ पासून तिकीटच नाही. आयुष्यभर घर सांभाळलेली माणसे या वयात बाहेर पडू लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पहाटेची गाडी स्टँडवर सोडून जाते, दिवे अर्धे बंद असतात, रिक्षा पार फाटकाबाहेर. तेवढ्या वाटेत काठी गुडघ्याला हवी असते आणि मनालाही.

मध्यंतरी आम्ही दोघी एका गर्दीच्या देवस्थानी गेलो होतो. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी. फाटकावरच्या माणसाने तिची काठी काढून घेतली. "आत काठी चालत नाही आजी, जाताना घ्या." जाण्याची वाट दुसऱ्याच दरवाजाने होती. माझा खांदा धरून ती सगळ्या पायऱ्या उतरली आणि काठी काही परत मिळाली नाही. तेव्हापासून कुठे निघायचे म्हटले की ती कारणे सांगते. मला त्याचा राग अजून आहे.

पोलिसांची काळजी मला समजत नाही असे नाही. २००३ च्या सिंहस्थात याच शहरात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली. गर्दीत आडवी धरलेली काठी दहा जणांना पाडू शकते. शिवाय काठीच्या नावाखाली गुप्ती बाळगणारे आहेतच. आत पाते दडवलेली काठी शस्त्र कायद्यात तलवारीच्या रांगेत बसते. ती जप्त व्हायलाच हवी आणि बाळगणाऱ्यावर गुन्हाही नोंदवावा. पण काठी हातात घेऊन, मूठ पिळून-ओढून पाहिली की अर्ध्या मिनिटात कळते की आत पाते आहे की नाही. विमानतळावर काठी तपासणीच्या मशीनमधून घालतात आणि पुन्हा हातात देतात. तेवढा अर्धा मिनिट रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला द्यायला काय हरकत आहे?

आता माझ्या वयाच्या वाचकांसाठी. चुकीची काठी चुकीच्या हातात घेऊन फिरणारी माणसे मला रोज दिसतात, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

प्रवासात जी चप्पल घालता ती घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीला यायला हवी. त्याहून उंच काठी खांदा वर ढकलते, बुटकी काठी कमरेत वाकवते. दुखरा पाय डावा असेल तर काठी उजव्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. सप्तशृंगीला २०१८ पासून ट्रॉली आहे, तरी पायऱ्यांनीच जायचे असा हट्ट असणाऱ्यांनी एवढे तरी पाळावे. टोकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले की लगेच बदला. गोदावरीच्या घाटावर, रामकुंडाच्या ओल्या दगडांवर झिजलेले रबर घात करते. घडीची ॲल्युमिनियमची काठी पिशवीत मावते हे खरे, पण तिचे सांधे ढिले होतात आणि नेमक्या वेळी ती लचकते. मी एकसंध लाकडाची, वाकड्या मुठीची काठी वापरते. एसटीत ती दोन गुडघ्यांमध्ये उभी धरावी, मधल्या वाटेत पसरू नये.

आणि स्वसंरक्षण. काठी डोक्यावर उगारून मारायला जाऊ नका. शाळेतल्या मुलींना मी पहिल्या तासाला हेच सांगायची आणि म्हाताऱ्यांना तर दुप्पट सांगते. हात वर गेला की बरगड्या उघड्या पडतात, काठी पकडायला समोरच्याला सोपे जाते आणि ज्या काठीवर आपला तोल आहे तीच जमिनीवरून उठलेली असते. त्याऐवजी पाय फाकवून घट्ट उभे राहा, काठी दोन्ही हातांनी पोटासमोर धरा, टोक समोरच्याकडे. तो जवळ आलाच तर पोटात किंवा नडगीवर टोकाने ढकला आणि ओरडा. मोठ्याने, पोटातून ओरडा. मुठीला दोरी असेल तर ती त्या वेळी मनगटात ठेवू नका. काठी ओढली गेली तर तुम्हीही ओढले जाल. सोनसाखळी चोर मोटारसायकलवर असेल तर चाकात काठी घालण्याचे धाडस मुळीच नको. समोरून वाहने येतात त्या कडेने चालावे, काठी लोकांना दिसेल अशी धरावी. लांबून काठी दिसली की बहुतेक जण दुसरे सावज शोधत असावेत, असे मला वाटते. काठी गेली तर जाऊ द्या, मग ११२ ला फोन करा, रेल्वेत असाल तर १३९ ला.

सव्वाशे वर्षांपूर्वी पिएर विन्यी नावाचे स्विस शिक्षक लंडनमध्ये लोकांना फिरायच्या काठीने बचाव करायला शिकवत. ती पद्धत तरण्याबांड गड्यांची होती, आमच्या गुडघ्यांना झेपणारी नाही. आमच्या कामाची गोष्ट एकच, समोरच्याला हातभर लांब ठेवायचे आणि तेवढ्यात उजेडाकडे, माणसांकडे निघायचे. कायदाही तेवढेच देतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. पळणाऱ्याच्या पाठीत काठी घातली तर तो हक्क सहसा उरत नाही.

कुत्र्यांचे सांगते. भुंकत टोळके अंगावर आले तर पळू नका, पाठ फिरवू नका. काठीचे टोक जमिनीकडे ठेवून ती आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि हळूहळू मागे सरका. मारू नका. मार खाल्लेले कुत्रे पुढच्या माणसाला चावते आणि मुक्या जनावराला मारणे मला पटतही नाही. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद-चुना भरू नका.

माझ्या माहेरी उसाला पाणी द्यायला भाऊ रात्री शेतात जातो, कारण वीजच रात्री येते. निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात उसात बिबट्या असणे आता कुणाला नवे नाही. भावाच्या काठीला घुंगरू बांधलेले आहेत. वन विभागाची माणसेही रात्री बाहेर पडताना असे घुंगरू बांधायला सांगतात. काठी आपटत, आवाज करत गेले की जनावराला माणूस आल्याचे कळते आणि ते बाजूला होते. काठी बिबट्याला मारायला नाही, आपण इथे आहोत हे त्याला सांगायला आहे. वाकून बसलेला माणूस बिबट्याला लहान भक्ष्य वाटू शकतो, तेव्हा शेतात थकवा आला तरी काठीवर टेकून उभे राहावे, असेही भाऊ सांगतो. माझ्या मते शहरातल्या अंधाऱ्या गल्लीतही काठी अशी वाजवत चालायला लाजू नये.

प्रशासनाकडे माझे मागणे साधे आहे. मनाई आदेशातले सवलतीचे वाक्य बातमीच्या सुरुवातीलाच द्या आणि स्टँडवर, नाशिकरोड स्थानकावर, घाटांवर मोठ्या मराठी-हिंदी अक्षरांत लावा. बंदोबस्ताला येणाऱ्या प्रत्येक शिपायाला, होमगार्डला आणि खासगी रखवालदाराला ते तोंडी सांगा. सिंहस्थात बरेच पोलीस बाहेरच्या जिल्ह्यांतून येतील, त्यांना आमचे शहर ठाऊक नसेल. अगदी दाटीच्या जागी काठी आत नेणे खरोखर धोक्याचे असेल, तर काढून घेताना बिल्ला द्या, ती बाहेर पडायच्या दरवाजावर पोहोचवा आणि तोवर त्या माणसाला धरायला स्वयंसेवक द्या.

यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्था शहरात आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ तर वॉर्डावॉर्डांत आहेत. त्यांच्यापैकी कुणी सकाळी तासभर जागा दिली तर काठी कशी निवडावी, कशी धरावी आणि वेळ आली तर कशी वापरावी हे मी विनामूल्य शिकवीन. येताना प्रत्येकाने आपली रोजचीच काठी आणावी, नवी विकत घेऊ नये. पहिल्या दिवशी आपण फक्त तिची उंची आणि रबर तपासू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक