चढ शेवटी येतो: ल्योंतल्या मित्राला चाकाचा हिशेब

पुणे, ९ नोव्हेंबर

प्रिय मिलिंद,

रोज ऑफिसला जायला विजेवर चालणारी एकचाकी, म्हणजे एकाच चाकावर उभं राहून चालवायचं वाहन, घ्यायची म्हणून तू केलेली यादी मिळाली. इनमोशनचं व्ही५एफ, किंगसाँगचं केएस-१४डी, इनमोशनचं व्ही८एफ, जुन्या बाजारातलं केएस-१६एस आणि बेगोडचं एमटेन४. प्रत्येकापुढे तू कंपनीने छापलेले किलोमीटर लिहिलेस आणि विचारलंस, "यातलं कुठलं घेऊ?" पहिलं काम कर. तो किलोमीटरचा रकाना खोडून टाक. हलका माणूस, सपाट रस्ता, उबदार दिवस, पंधरा-वीसचा वेग आणि बॅटरी पार कोरडी होईपर्यंत चालवायची, अशा थाटात तो आकडा काढलेला असतो. तू अठ्ठ्याहत्तर किलोचा, पाठीवर लॅपटॉप, आणि राहतोस क्र्वा-रूसच्या टेकडीवर.

त्या रकान्यात वॉट-तास लिही. व्ही५एफ ३२०, १४डी ४२०, व्ही८एफ ५१८, एमटेन४ ७५०, १६एस ८४०. बॅटरीत खरोखर किती माल भरलाय ते हा आकडा सांगतो, आणि त्यात जाहिरातदाराला फार हात मारता येत नाही.

आता एकचाकीचा मूळ स्वभाव, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. स्कूटरची बॅटरी उतरली की स्कूटर मंदावते, तू उतरून ढकलत नेतोस. एकचाकीत मोटर तुला पुढे नेते आणि तीच तुला उभंही धरते. तोल सावरायला क्षणभर जास्त ताकद लागली आणि बॅटरीला ती देता आली नाही, तर चाक मंदावत नाही, पायाखालून जातं. आपण तोंडावर. म्हणून शेवटचा पाव हिस्सा आपला नाहीच असं धरायचं. शाळेतल्या बेरजेत हातचा एक ठेवायचो तसा इथे हातचा पंचवीस टक्के.

राहिलेल्या पंचाहत्तर टक्क्यांना दर किलोमीटरच्या खर्चाने भाग. तुझ्या वजनाला, बावीस-पंचवीसच्या वेगाने, रोनच्या काठच्या सपाट सायकलवाटेवर १४ वॉट-तास धर. म्हणजे व्ही५एफ १७ किलोमीटर, १४डी २२, व्ही८एफ २८. १६एस थोडं जड, त्याला १५ धरले तरी ४२. एमटेन४चं चाक फक्त अकरा इंची, ते प्रत्येक फटीत उतरतं आणि चढतं, त्याला १६ धर, ३५ येतील. जानेवारीत ल्योंचा पारा शून्याच्या आसपास जातो तेव्हा या सगळ्यातून पाचवा हिस्सा वजा कर. आणि रोनच्या खोऱ्यातला वारा उत्तर-दक्षिण वाहतो, तुझा रस्ताही तसाच. समोरून वारा असेल त्या दिवशी १४ चे १८-२० होतात. परतताना तोच वारा पाठीशी असला तरी गेलेलं सगळं परत देत नाही.

क्र्वा-रूसच्या घरापासून जेर्लांच्या ऑफिसपर्यंत आठ किलोमीटर, येऊन-जाऊन सोळा. शिवाय चढ. पठार नदीपेक्षा सुमारे ऐंशी मीटर उंच, म्हणजे आपल्या पर्वतीएवढंच. तू, दप्तर आणि चाक मिळून ९६ किलो ऐंशी मीटर वर उचलायला २१ वॉट-तास लागतात, मोटर आणि तिला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरची गळती धरून २८. दोन किलोमीटर सपाट चालल्याइतके. आकडा किरकोळ आहे, घाबरण्यासारखं काही नाही. खोच वेगळीच आहे. सकाळी भरल्या बॅटरीने तू उतरतोस आणि संध्याकाळी रिकामी होत आलेल्या बॅटरीने चढतोस. सगळ्यात जड काम दिवसाच्या शेवटी, सगळ्यात थकलेल्या सेलांच्या गळ्यात.

इथे वॉट-तासांपेक्षा सेलांची संख्या महत्त्वाची ठरते. १४डीत १८६५० जातीचे ३२ सेल: सोळा एकापुढे एक, आणि अशा दोन रांगा. व्ही८एफमध्ये ४०: वीस-वीसच्या दोन रांगा. १६एसमध्ये ६४: सोळाच्या चार. चढावर सरासरी सातशे-आठशे वॉट पुरतात, पण त्याच चढावर मध्ये दगडाची कड आली किंवा तू दचकून पुढे झुकलास, की क्षणभर १५०० वॉट मागितले जातात. १४डीत ते ओझं दर सेलला ४७ वॉट, व्ही८एफमध्ये ३७, १६एसमध्ये २३. या सेलांना दहा-एक अँपिअरची सवय असते. १४डीत त्या क्षणी प्रत्येकातून तेरा ते सोळा वाहतात.

परिणाम काय होतो ते एका सेलपुरतं बघ. वीस टक्के उरलेत, निवांत असताना सेल ३.५ व्होल्ट दाखवतोय. विजेला होणारा सेलच्या आतला विरोध, जोडांसकट, ०.०४ ओहम. १५०० वॉटचा झटका आला की १४डीचा सेल जवळपास २.८५ वर कोसळतो, व्ही८एफचा ३.०० वर थांबतो, १६एसचा ३.२१ वर. गारठ्यात विरोध दीडपट-दुप्पट होतो, मग १४डीचा अडीचच्या खाली जाऊ पाहतो, आणि सेलने तीनच्या खाली जाणं म्हणजे कंट्रोलरने हात टेकण्याची वेळ. उभं असताना अॅप जे वीस टक्के दाखवतं ते उसनं अवसान असतं. म्हणून टक्के बघायचे ते चढावर, पायाखाली भार असताना.

चाक अर्थात आधी इशारा देतं: बीप, मग पॅडल, म्हणजे पाय ठेवायची फळी, पुढून वर उचलून तुला मागे रेलायला लावणं. तो इशारा आला की पाय आखडून त्याच्याशी झुंजायचं नाही, वेग सोडायचा. चढावर पॅडल उचललं गेलं तर उतर आणि दांडा काढून ढकलत ने. दुसरी गोष्ट कमी लोक लक्षात घेतात. मोटरचा कमाल वेग व्होल्टच्या प्रमाणात घटतो. व्ही८एफच्या भरल्या बॅटरीच्या ८४ व्होल्टला जेवढा मिळेल त्याच्या पाचवा हिस्सा कमी उतरलेल्या बॅटरीच्या ६८ व्होल्टला. सकाळी ज्या वेगाला भरपूर जागा होती तोच वेग संध्याकाळी काठावरचा असतो. फ्रान्समध्ये २५ ची मर्यादा आहे, अॅपमध्ये ती लावलेलीच ठेव. कायद्याचं सोड, उतरत्या बॅटरीला तीच राखते. फुटपाथवर चढलास तर १३५ युरो दंड, आणि तिथे एकचाकीला (ते तिला जिरोरू म्हणतात) विमा सक्तीचा आहे, तो चाक घरी येण्याआधी काढ.

आता तुझी यादी. व्ही५एफ बाद. उन्हाळ्यात १७ आणि तुझी गरज चढ धरून १८, इथेच विषय संपला. १४डी सुंदर चाक आहे, शिकायला त्याच्याइतकं समजूतदार दुसरं नाही, पण हिवाळ्यात त्याचेही अठराच उरतात आणि शेवटी तो चढ. ऑफिसात रोज चार्ज करायची खात्री असेल तरच. एमटेन४ची बॅटरी दमदार आहे: चाळीसच सेल, पण मोठ्या २१७०० जातीचे, भाराखाली फारसे खचत नाहीत. पण अकरा इंची चाक आणि ल्योंचे जुने दगडी रस्ते! गंमत म्हणून फिरायला ठीक. रोज अंधारात, ओल्या दगडांवर? माझ्याकडून नाही.

उरली दोन. नुसत्या आकड्यांवर १६एस हसत हसत जिंकतं. शहराबाहेरच्या मिरिबेल-जोनाज उद्यानात जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर तू म्हणतोस, ते हिवाळ्यातही बसतात. पण ते सतरा किलोचं आहे आणि तुझी इमारत कान्यूंची, म्हणजे रेशीम विणणाऱ्यांची. उंच माग मावावेत म्हणून चार-चार मीटर उंचीचे मजले, लिफ्ट नाही, तू चौथ्यावर. तुझा चौथा मजला म्हणजे इथला सहावा. चौदा-साडेचौदा किलोचं व्ही८एफ आणि सतरा किलोचं १६एस यांतला फरक कागदावर अडीच-तीन किलो दिसतो, जिन्यात तो रोज दोनदा मोजावा लागतो. शिवाय १६एस जुनं मॉडेल, जे मिळेल त्याचे सेलही वय झालेले.

माझा कौल: नवं व्ही८एफ. सोळा किलोमीटर आणि चढ मिळून २५२ वॉट-तास जातात, घरी पोचताना जवळजवळ निम्मी बॅटरी शिल्लक, कडाक्याच्या थंडीत चाळीसेक टक्के. मिरिबेलला मात्र उन्हाळ्यातच, सकाळी, आणि मध्ये कुठेतरी तासभर चार्जर लावून. चार्जर साधारण १२० वॉटचा असतो, तासाभरात सातेक किलोमीटर पदरात पडतात. हां, कुणी १६एस फार स्वस्तात देत असेल आणि खाली सायकलींच्या खोलीत कुलपात ठेवता येत असेल, तर त्याची परीक्षा घे. परीक्षा अशी.

विकणाऱ्याला आदल्या रात्री पूर्ण चार्ज करायला सांग. चाकाचे आकडे दाखवणारं अॅप फोनवर घे: अँड्रॉइडवर व्हीललॉग टाक, आयफोन असेल तर डार्कनेसबॉट. चार्जर काढून अर्धा तास झाल्यावर व्होल्ट बघ. १६एसला ६७.२ अपेक्षित, ६६.५ पर्यंत चालेल. चार्जरचा दिवा हिरवा झालाय आणि आकडा ६५ वर अडकलाय, तर सेलांचा एखादा गट इतरांच्या आधी भरतो आणि चार्जिंग तिथेच तोडतो. तो पॅक, म्हणजे सेलांचा जुडगा, असमतोल आहे, सोडून दे. मग सपाटीवर दहा किलोमीटर चालव, पंधरा मिनिटं थांब, पुन्हा बघ. ६४ म्हणजे ऐंशी टक्के, ५९ म्हणजे जेमतेम निम्मी, ५६ म्हणजे वीस-पंचवीस. दहा किलोमीटरला १५० वॉट-तास जायला हवेत, म्हणजे ऐंशीच्या थोडं वर. त्या जागी साठ टक्के दिसले तर सेल म्हातारे झाले. व्हीललॉग सगळी नोंद फाइलमध्ये ठेवतो. तीत जोराने निघतानाचे व्होल्ट शोध. भरल्या पॅकने एका झटक्यात सात-आठ व्होल्ट गमावले तर चार रांगांपैकी एखादी नावापुरतीच उरली आहे.

याहून पक्की परीक्षा भिंतीच्या सॉकेटवर. वीज मोजायचं छोटं मीटर चार्जरच्या आधी लाव. चार्जरमध्ये बारा टक्के वाया जातात. वीस टक्क्यांपासून पूर्ण भरायला १६एसने ७६० च्या आसपास वॉट-तास ओढायला हवेत, व्ही८एफने ४७०. १६एसचं मीटर ६०० वर थांबलं तर पाचवा हिस्सा गेला, तेवढी किंमत पाड. आणि चार्जर उसना घेऊ नकोस. ८४ व्होल्टचा चार्जर ६७ च्या चाकाला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण, आणि पिन बसली म्हणजे व्होल्ट जुळले असं मुळीच नाही. पट्टीवरचा आकडा वाच.

रोजचं भरणं. तुझ्या बाबतीत सकाळी शंभर टक्के नको. दारातून बाहेर पडताच उतार, उतारावर मोटर ब्रेक लावताना वीज बॅटरीत परत ढकलते, आणि भरलेल्या बॅटरीत ती मावत नाही. चाक बीप करतं, पॅडल उचलतं, आणि ब्रेकच्या ऐन वेळी तोल जातो. त्या उतारात दहा-बारा वॉट-तास परत येतात, व्ही८एफच्या जेमतेम दोन टक्के. पंच्याण्णववर चार्जर काढलास की झालं, नव्वदवर काढलास तर सेलही जास्त टिकतील. महिन्यातून दोनदा मात्र पूर्ण भर आणि हिरवा दिवा लागल्यावरही दोन तास राहू दे. सेलांची पातळी तेव्हाच एकसारखी होते. नंतर ताबडतोब उतार नको, पठारावरच दोन किलोमीटर फिरून ये. बाहेरून गारठून आलेलं चाक लगेच चार्जरला लावू नकोस, तासभर खोलीत राहू दे. निघण्याआधीही ते घरातच उबदार असलेलं बरं, पहिले पाच किलोमीटर बॅटरी निराळीच वागते.

टायरमध्ये हवा वजनाच्या किलोंच्या निम्मी, म्हणजे तुला ३९-४० पीएसआय. ३० वर आली की दर किलोमीटरला एक-दीड वॉट-तास गुपचूप जातात आणि दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटते. आठवड्यातून एकदा मोज, अंगठ्याने दाबून नाही. वॉल्व्ह आत दडलेला असतो, तेव्हा वाकडी लहान नळी घेऊन ठेव, नाहीतर पंपाचं तोंडच बसत नाही आणि जोर लावलास तर वॉल्व्ह मुळाशी फाटतो. सोळा इंचीला ट्यूब मुलांच्या सायकलची चालते, १६ बाय १.७५ ते २.१२५ लिहिलेली. वॉल्व्ह फक्त मोटारच्या टायरला असतो तसला बघून घे.

व्ही८एफ आलं की पहिल्या आठवड्यातली व्हीललॉगची फाइल पाठव, चढावरची आणि सपाटीवरची वेगवेगळी. मीटरवरचा पहिला आकडाही लिहून ठेव. दोन वर्षांनी तुलना करायला तोच लागेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत