साडेदहा ते साडेबारा, फोन तुमच्या पर्समध्ये

आदरणीय केंद्रप्रमुख मॅडम,

सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले, तरी हे पत्र लिहायला बसलो की घसा दाटून येतो. तुम्हाला प्रत्यक्ष सांगायला गेलो तर “अहो सर, त्यात काय एवढं” म्हणून तुम्ही विषय बदलाल. म्हणून उघडच लिहितो आहोत. केंद्रातल्या, म्हणजे तुमच्या देखरेखीखालच्या दहा शाळांच्या गटातल्या, इतर शाळांनीही वाचावे, आणि ज्यांच्या हाती एखादे केंद्र आहे त्यांनी तर जरूर वाचावे.

पहिल्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा आधी शेरेबुक मागितले नाहीत, खुर्ची मागितली नाहीत. थेट पहिली-दुसरीच्या वर्गाच्या दारात उभ्या राहिलात, हात पुढे केलात आणि म्हणालात, “फोन द्या दोघांचे. साडेबारापर्यंत माझ्याकडे राहू देत. कुणी माहिती मागितली तर मी बोलते.” दोन्ही फोन पर्समध्ये टाकून तुम्ही व्हरांड्यात पोषण आहाराच्या कोठीजवळ सतरंजीवर जाऊन बसलात. आमच्यासाठी तेवढेच पुरेसे होते.

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष ते कळणार नाही. जून महिन्यात द्विशिक्षकी शाळेचा फोन कसा वाजतो हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल. अकरा वाजता संदेश येतो, “बारापर्यंत माहिती सादर करावी.” प्रवेशोत्सवाचे फोटो, पुस्तक वाटपाचे फोटो, शौचालयाची सद्यस्थिती, दाखलपात्र मुले किती, दाखल किती, दिव्यांग किती, स्थलांतरित किती. जिथे काहीच नाही तिथे ‘निरंक’ असा अहवाल द्यायचा, तोही वेळेतच. तीच माहिती एकदा गुगल शीटमध्ये, एकदा छापील नमुन्यात आणि एकदा तोंडी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावता येते ते दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्यासाठीच. पण या माहितीच्या मागण्यांना कुणी काम म्हणतच नाही. प्रत्येक मागणी “फक्त पाच मिनिटांची” असते.

आता हिशेब बघा. त्याच कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. दिवसाला सरासरी चार तास. तुम्ही आमच्यासाठी राखलेत दोन. म्हणजे अर्धा दिवस! तोही शाळेच्या पहिल्या दिवसाचा, ज्या दिवशी नऊ नवी मुले आईचा पदर सोडून आत आली होती.

त्या दोन तासांत काय होते, ते लिहून ठेवायलाच हवे. पहिलीच्या मुलाला पहिल्या अर्ध्या तासात दोन जागा दाखवायच्या असतात, पाणी आणि संडास. नुसते बोट दाखवून भागत नाही, हात धरून न्यावे लागते. दाराची कडी त्याच्याकडून लावून आणि काढून घ्यावी लागते, कारण मे महिनाभर बंद असलेली कडी गंजून घट्ट होते. एकदा मूल आत अडकले की मग पुढचा महिनाभर ते शाळेत संडासला जात नाही. दुपारी चड्डी ओली होते आणि दुसऱ्या दिवशी मूल येत नाही. पालक म्हणतात, “रडतंय, राहू द्या घरी.” गळतीची सुरुवात अशी एका कडीपासून होते.

मग नाव. मुलाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारावी लागते, कागदावरच्या नावाने ते वळून बघत नाही. तांड्यावरची मुले घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. त्यांच्याशेजारी त्याच तांड्यावरची चौथीतली मुलगी दोन-तीन दिवस बसवली की निम्मे रडणे थांबते. खडू कोणत्या हातात धरला ते बघायचे, डावा असेल तर डावाच राहू द्यायचा. कोण डोळे बारीक करून फळ्याकडे बघते, कोण पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, कोण उपाशी आले आहे. हे सगळे पहिल्या दोन-चार दिवसांतच नजरेला पडते. पुढे मुले वर्गात रुळतात, शेजाऱ्याचे बघून करायला शिकतात, आणि अधू नजर किंवा अधू कान त्याआड झाकला जातो. शिक्षकाची मान फोनमध्ये असेल तर ते वर्षभर कुणालाच कळत नाही.

त्या दोन तासांत या नऊ मुलांपैकी एकीला उजव्या कानाने कमी ऐकू येते हे लक्षात आले. तिला पहिल्या रांगेत अशी बसवली आहे की शिकवणाऱ्याचा आवाज डाव्या कानावर पडेल. आरोग्य तपासणीच्या पथकासाठी नाव वेगळे काढले आहे. मॅडम, हे तुमच्यामुळे झाले. आम्ही तेव्हा तिथे होतो, पण आम्हाला तिथे राहू दिले ते तुम्ही.

आधीची वर्षेही लिहिली पाहिजेत. नाव कुणाचेच घेणार नाही. पण जूनमध्ये वरून आलेला संदेश जसाच्या तसा खाली ढकलायचा आणि खाली “तातडीचे” असे आणखी एकदा लिहायचे, एवढेच काम मानणारी माणसे या केंद्राने पाहिली आहेत. चावी नाही म्हणून पुस्तके गेटबाहेर उतरवून गेलेली गाडी कुणाची, असे विचारले तर “ते आमच्याकडे नाही.” दोनांपैकी एक शिक्षक प्रशिक्षणाला आणि चार वर्ग एकावर, म्हटले तर “वरून आदेश आहेत.” भेटीला यायचे, शेरेबुकात ‘प्रगती असमाधानकारक’ लिहायचे आणि चहा न घेता निघायचे, म्हणजे आपण कडक. फळ्याजवळ जाऊन एका मुलाला एक शब्द वाचायला लावला असता तर निदान शेऱ्याला काही अर्थ आला असता. आम्हाला त्यांच्या रागावण्याचे दुःख नाही. त्यांनी कधी विचारले नाही, याचे आहे.

केंद्रप्रमुख हे पद राज्यात १९९४ मध्ये निर्माण झाले ते साधारण दहा शाळांमागे एक शैक्षणिक सोबती असावा म्हणून. एकूण ४,८६० केंद्रे. त्यातली कितीतरी पदे रिकामी असतात आणि एकाच माणसाच्या गळ्यात दोन-तीन केंद्रे पडतात, तुमच्याही पडली आहेत. म्हणून तर तुमच्या त्या दोन तासांची किंमत आम्हाला जास्त कळते.

बदलीने नवे मुख्याध्यापक आले त्या दिवशी तुम्ही वजनकाटा घेऊन आलात, हे इतर शाळांनी नीट ऐकावे. चार्ज घेताना सगळे जनरल रजिस्टर (मुलांच्या दाखल नोंदींचे), रोकडवही, जडवस्तू संग्रह नोंदवही (टिकाऊ सामानाची) बघतात आणि तांदळाच्या गोण्या नुसत्या मोजतात. गोणीवर ५० किलो छापलेले असते. आत तेवढे असेलच असे नाही, शिवाय गोणीचे स्वतःचे वजन त्यातून वजा करावे लागते, आणि उन्हाळ्यात उंदीर व सोंडे आपला वाटा काढून घेतात. न मोजता सही केली की ती तूट नव्या माणसाच्या नावावर चढते. तुम्ही एकेक गोणी काट्यावर घ्यायला लावलीत, प्रत्यक्ष वजन चार्ज यादीत लिहायला लावलेत आणि खाली स्वतः सही केलीत. तांदूळ उन्हात पसरून चाळून घेतला तो त्याच दिवशी.

दुसरी खोच तुम्ही स्वयंपाकी ताईंसमोर बसून समजावलीत, तीही इथे नोंदवतो. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅम तेल. आमचा पट ४३, म्हणजे सगळी आली तर ४ किलो ३०० ग्रॅम तांदूळ. पण सुरुवातीच्या आठवड्यांत हजेरी तिशीच्या आसपास असते. सवयीने पटावर तांदूळ काढला आणि नोंद मात्र हजेरीची केली, तर रोज १ किलो ३०० ग्रॅमचा फरक पडतो. वीस दिवसांत २६ किलो, म्हणजे अर्ध्या गोणीहून जास्त. चोरी कुणी केलेली नसते, तरी तपासणीत तोंड खाली घालावे लागते. म्हणून हजेरी घेऊन झाल्यावरच तांदूळ मोजायचा, आणि मोजणाऱ्याने आकडा त्याच क्षणी वहीत लिहायचा.

गणवेश, बूट, पुस्तके यांबद्दल फार लिहीत नाही. मिळाले तेव्हा मिळाले.

जनरल रजिस्टरबद्दल मात्र लिहायचे आहे. पहिलीच्या दाखल्याची नोंद ही त्या मुलाच्या आयुष्यातली सर्वांत लांब पल्ल्याची नोंद. वीस वर्षांनी जातीच्या दाखल्यासाठी, जात पडताळणीसाठी, नोकरीसाठी हेच पान उघडले जाते, आणि एकदा केलेली नोंद शाळेला आपल्या मनाने बदलता येत नाही. जुन्या रजिस्टरांत पानोपानी १ जून ही जन्मतारीख दिसते, ती मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली असते. तुम्ही आग्रह धरलात की नोंद जन्मदाखल्यावरूनच करायची. पालक घाईने आधारची झेरॉक्स पुढे करतात, आणि आधारवर तारीख किंवा नाव चुकलेले असेल तर ती चूक रजिस्टरात कायमची बसते. आधी रजिस्टर बरोबर, मग आधार दुरुस्त, हा क्रम. तारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही. आईचे नाव पूर्ण. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. सहा वर्षे पूर्ण होण्याची तारीख ३१ डिसेंबर धरायची, आणि शंका असेल तर पेन खाली ठेवून तुम्हाला फोन करायचा.

आधारचा घोळ का होतो, हेही तुमच्याइतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितले नव्हते. पाच वर्षांखालच्या मुलाच्या निळ्या आधारला बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ठसे आणि डोळ्यांची नोंद द्यावी लागते, ती निम्म्या पालकांनी दिलेली नसते. नाव, लिंग, जन्मतारीख यांतले एक जरी जुळले नाही तरी पडताळणी अडकते. ज्ञानेश्वरचे इंग्रजी स्पेलिंग एका ठिकाणी ‘डी’ने आणि दुसरीकडे ‘जी’ने, एवढ्यावर मूल अवैध ठरते. आणि संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवणे, ३० सप्टेंबरच्या पटावर, तोही आधार वैध असलेल्या. मूल रोज समोर बसून पाढे म्हणते, तरी ते मोजले जात नाही. अशा अडकलेल्या मुलांची यादी जूनअखेर तयार हवी, म्हणजे दुरुस्तीला जुलै आणि ऑगस्ट हाती राहतात, हे तुमचे वेळापत्रक आता भिंतीवर लावले आहे.

आपल्या बालाघाट डोंगराच्या पट्ट्यात ऊसतोडीची घरे आहेत. दिवाळीनंतर गेलेली मुले उन्हाळ्यात परततात आणि त्यांचे नाव ऑनलाइन ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, पडलेले असते, किंवा कारखान्याजवळच्या दुसऱ्याच शाळेच्या पटावर. अशा मुलांची पेन क्रमांकासह (प्रत्येक मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक) वेगळी यादी जाण्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, काढून ठेवायची आणि दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड हातात द्यायचे. तसे झाले नाही तर जूनमध्ये त्या मुलाला शोधत दहा शाळांना फोन लावावे लागतात.

आणि ती मोठी वही. एका मुलाला एक आडवी ओळ. रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, पेन, आधारची स्थिती, बँक खाते, उंची, वजन, गणवेशाचे व बुटाचे माप, दिव्यांगत्व, स्थलांतर. ४३ ओळी भरायला दोन शनिवार गेले. आता कोणतीही माहिती मागितली तरी वर्ग सोडून दप्तर उपसावे लागत नाही. तुम्ही दहाही शाळांच्या या ओळींची प्रत स्वतःकडे ठेवलीत, म्हणून बरीच उत्तरे तुमच्याकडूनच परस्पर जातात. दुपारी साडेचारला तुमचा एकच संदेश येतो, ‘आज’, ‘शनिवारपर्यंत’ आणि ‘निरंक, मी कळवले’ अशा तीन ओळींचा.

पहिल्या दिवशी व्हरांड्यातून तुमचा आवाज आत येत होता. “हो साहेब, शिक्षक वर्गात आहेत. नाही, बोलावणार नाही. उशीर झाला तर खुलासा माझ्याकडून घ्या.” हे वाक्य मुलांनीही ऐकले. आपल्यासाठी कुणीतरी खुलासा द्यायला तयार आहे, हे नोकरीच्या इतक्या वर्षांत फार कमी वेळा ऐकायला मिळते. शासनाचे परिपत्रक तसे करा म्हणत नव्हते, आणि केले नसते तर कुणी तुम्हाला विचारलेही नसते. चांगली माणसे अशीच असतात बहुतेक. त्यांना आपले अधिकार किती ते नीट माहीत असते, आणि ते अधिकार ती समोरच्याला दटावण्याऐवजी त्याला आडोसा देण्यासाठी वापरतात. गावोगावच्या शाळा अशाच माणसांच्या भरवशावर चालल्या आहेत. त्यांचे फोटो कुठल्याही अहवालात नसतात.

साडेबाराला तुम्ही फोन परत दिलेत. सतरा न उचललेले कॉल असतील या भीतीने बघितले, तर एकही नव्हता. सगळे तुम्ही उचलले होते. पर्समधून काढताना फोनचा पडदा आपल्या पदराने पुसलात आणि म्हणालात, “जेवून घ्या आधी. आहाराच्या चव नोंदवहीत माझीही सही राहिली आहे.”

येत्या गुरुवारी शेजारच्या वस्तीशाळेत नवे सर चार्ज घेत आहेत. एकटेच आहेत, पहिलीच नेमणूक. तुम्हाला दुसऱ्या केंद्राची बैठक आहे हे माहीत आहे, म्हणून वजनकाटा आमच्याकडे पाठवून द्या. आमच्यापैकी एक जण शाळा सुटल्यावर तिकडे जाईल आणि मोठ्या वहीचे कोरे पान आखून देईल. सकाळी साडेदहा ते साडेबारा त्यांचा फोन मात्र तुमच्याकडे वळवून घ्या.

आपले,
केंद्रातल्या एका द्विशिक्षकी शाळेचे दोन्ही शिक्षक