भाव उतरेपर्यंत

नाशिक,
रविवार, सकाळ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रात्री तू फोनवर विचारलेस की, पुढच्या महिन्यात येणारा गेम आत्ताच नोंदवून ४,९९९ रुपयांना घ्यावा की थांबावे, आणि मी स्वयंपाकाच्या गडबडीत "थांब" एवढेच म्हणून फोन ठेवला. तू "बरं" म्हणालीस, पण ते मनापासून नव्हते हे मला कळले. पहिल्या पगारांतून पैसे साठवून प्लेस्टेशन ५ हे गेम खेळायचे यंत्र घरी आणणाऱ्या मुलीला असे एका शब्दात गप्प करणे बरोबर नव्हते, म्हणून आज सवडीने सगळे लिहिते आहे.

खेळू नकोस असे मी तुला कधी म्हटले नाही. तुझा मामा आणि मी लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटी गल्लीतल्या दुकानातून भाड्याने आणत होतो, आणि शनिवारी आणलेली कॅसेट सोमवारी शाळेच्या आधी परत द्यायची असल्यामुळे रविवारी जेवणाचेही भान राहत नसे. त्यामुळे नवा गेम हातात घेण्याची ओढ मला ठाऊक आहे. मात्र बावीस वर्षे कारखान्याच्या खरेदी विभागात काढल्यावर एक गोष्ट माझ्या अंगवळणी पडली आहे: ज्याला माल आजच्या आज हवा असतो, त्याला भाव विचारण्याची सोय राहत नाही. गेमच्या बाबतीत हे इतर कोणत्याही मालापेक्षा जास्त खरे आहे, कारण इथे थांबणाऱ्याला माल स्वस्त तर मिळतोच, शिवाय बहुतेक वेळा अधिक चांगलाही मिळतो.

सायबरपंक २०७७ या गेमची गोष्ट तुला आठवत असेल. तो १० डिसेंबर २०२० रोजी आला तेव्हा प्लेस्टेशन ४ वर इतका अडखळत होता की, प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने आठवडाभरातच तो इंटरनेटवरच्या स्वतःच्या दुकानातून, म्हणजे स्टोअरवरून, काढला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो परत विक्रीला आला, फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ साठी वेगळी आवृत्ती निघाली आणि सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटने तो जवळजवळ नव्याने बांधला गेला. दरम्यान सेलमध्ये त्याची किंमत कितीदा तरी खाली आली. म्हणजे ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले त्यांच्या पदरी सर्वांत कच्चा माल पडला, आणि ज्यांनी धीर धरला त्यांना तोच गेम नीट केलेला आणि कमी पैशांत मिळाला. ‘ॲलन वेक २’ हा गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तो फक्त डाउनलोडच्या रूपात. त्याची डिस्क निघायला पुरे एक वर्ष गेले. डिस्कसाठी थांबलेल्यांना निदान खेळून झाल्यावर विकता येईल अशी वस्तू मिळाली.

तू डिस्क ड्राइव्ह असलेले यंत्र घेतलेस तेव्हा दुकानदार बिनड्राइव्हचे स्वस्त पडेल असे सांगत होता, पण तू ऐकले नाहीस, याचे मला फार बरे वाटले. बिनड्राइव्हच्या यंत्रावर सोनीचे स्टोअर हे एकच दुकान उरते आणि त्या दुकानाचा भाव तोच आपला भाव होतो. डिस्क मात्र आपल्या मालकीची असते. ती विकता येते, बदलून घेता येते, मैत्रिणीला देता येते. म्हणून गेमची किंमत म्हणजे दुकानात मोजलेले पैसे, असे धरू नकोस. मोजलेल्या पैशांतून परत आलेले पैसे वजा करून जे उरतील ती खरी किंमत. आपण मागे १,८०० ला घेतलेली जुनी डिस्क तू दीड महिन्यात संपवून १,४०० ला विकलीस, तेव्हा तो गेम आपल्याला चारशे रुपयांना पडला. डाउनलोडच्या सेलमध्ये तोच गेम त्या दिवशी १,६०० ला होता. तो आकडा दिसायला कमी होता, तरी आपल्याला चौपट महाग पडला असता.

जुनी डिस्क घेताना मात्र घाई करू नये. मागच्या वर्षी आपण मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो होतो, तेव्हा त्या अरुंद दुकानात तू डिस्क कडेने दोन बोटांत धरून ट्यूबलाइटखाली हळूहळू तिरकी करत होतीस आणि मागे दोन गिऱ्हाईके खोळंबली होती. मालकाने "चालू आहे हो, घ्या" म्हटले तरी तू डिस्क खाली ठेवली नाहीस. तेच बरोबर होते. या डिस्क ब्लू-रे प्रकारच्या असतात आणि त्यांत माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो. वरचा लेप कडक असल्यामुळे हलके, केसासारखे ओरखडे सहसा त्रास देत नाहीत. पण नखाला लागेल असा चरा, विशेषतः डिस्कच्या गोलाईबरोबर गेलेला, दिसला तर ती डिस्क कितीही स्वस्त असली तरी घेऊ नकोस. पुसायची वेळ आली तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पूस, गोल फिरवून नको. खोक्यात एखादा कोड छापलेला कागद असेल तर तो आधीच वापरला गेला आहे असे धरूनच भाव ठरव, कारण "संपूर्ण आवृत्ती" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही खोक्यांत जादा भाग डिस्कवर नसून त्या एकदाच चालणाऱ्या कोडवर असतो. आणि डिस्क परदेशातून आलेली असेल तर गेम आपल्याकडे चालेल, पण त्याचे जादा भाग त्या प्रदेशाच्या अकाउंटवरूनच घ्यावे लागतात, हेही विचारात घे.

प्लेस्टेशन ४ च्या डिस्क तुझ्या यंत्रावर जवळजवळ सगळ्या चालतात, हे लोक विसरतात. होरायझन फॉरबिडन वेस्ट हा गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला तेव्हा भारतात प्लेस्टेशन ५ ची डिस्क ४,९९९ ला आणि ४ ची ३,९९९ ला होती, आणि ४ च्या डिस्कवरून ५ ची आवृत्ती विनामूल्य मिळत होती. एकाच गेमसाठी केवळ खोक्याचा रंग पाहून हजार रुपये जास्त दिलेले लोक मला माहीत आहेत. सगळ्याच गेमना ही सोय नसते, काहींना थोडे पैसे भरावे लागतात, पण विचारून पाहायला काही पडत नाही.

डाउनलोडच घ्यायचा असेल तर स्टोअरवरच्या विशलिस्टमध्ये टाकून ठेव. मे-जूनच्या सुमारास, नोव्हेंबरात आणि वर्ष संपताना मोठे सेल लागतात. मात्र खोडलेली जुनी किंमत पाहून भुलू नकोस. याआधी तो गेम किती खाली गेला होता ते पीएसप्राइसेससारख्या संकेतस्थळावर पाहून मगच ठरव. मी ऑफिसात निविदा उघडताना मागच्या तीन खरेदींचे दर शेजारी ठेवते, तेच हे काम आहे. विकत घेतल्यावर मन बदलले तर डाउनलोड सुरू करण्यापूर्वी चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात. एकदा डाउनलोड सुरू केले की तो मार्ग सहसा बंद होतो.

प्लेस्टेशन प्लस या पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाबद्दल मी थोडेच लिहिते. वर्षाला तीन-चारच गेम खेळणाऱ्याला ते परवडत नाही, तुझ्यासारख्या महिन्याला एक संपवणारीला परवडू शकते. पण त्यातून मिळालेले गेम सदस्यत्व चालू असेपर्यंतच आपले असतात.

आता जी गोष्ट लिहायला मला अजूनही जड जाते ती लिहिते. तू बारावीत असताना तुझ्या वाढदिवसाला मी इंटरनेटवर एका विक्रेत्याकडून पाच हजारांचा गेम बाराशे रुपयांना घेतला होता. त्याने डिस्क दिली नाही, एका अकाउंटचे नाव आणि पासवर्ड दिला आणि "तुमच्या यंत्रावर कायमचा चालेल" म्हणून सांगितले. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी गेमवर कुलूप दिसू लागले, पासवर्ड बदललेला निघाला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. तेव्हा तू मला धीर दिलास, पण रात्री तू रडलेली मी पाहिले आहे. ते अकाउंट एकाच वेळी अनेकांना विकलेले असणार. अशी विक्री कंपनीच्या नियमांविरुद्ध असल्यामुळे दाद तरी कुठे मागणार? सगळा बाजार पंधराशेला देत असलेली वस्तू कोणी दोनशेला देऊ लागला, तर तो नेमके काय देतो आहे, हे त्याला आधी विचार. त्याने डिस्क किंवा पावती दाखवली नाही तर तिथून ऊठ.

मामाच्या मुलाला निन्टेन्डो कंपनीचे स्विच हे गेमचे यंत्र घ्यायचे आहे, त्यालाही हे कळव: निन्टेन्डो आपल्याकडे अधिकृतपणे विकत नाही, आणि त्यांचे स्वतःचे गेम फारसे उतरतही नाहीत. २०१७ चा मारिओ कार्ट ८ डिलक्स वर्षानुवर्षे मूळ भावालाच विकला गेला. तिथे सेलची वाट पाहण्यापेक्षा जुने कार्ट्रिज (त्या यंत्रात डिस्कऐवजी घालायची छोटी पट्टी) घ्यावे. विकताना पैसेही चांगले परत येतात.

राहता राहिला तुझा प्रश्न. हा गेम तुला एकटीलाच खेळायचा असेल तर दिवाळीपर्यंत थांब. पण तुझ्या ऑफिसातल्या चौघी पहिल्या दिवसापासून एकत्र खेळणार असतील, तर डिस्क घे, महिन्याभरात मनसोक्त खेळ आणि बाजारात जुन्या डिस्कची गर्दी होण्यापूर्वी विकून टाक. तो हिशेबही मला मान्य आहे. दरवर्षी येणाऱ्या फुटबॉलच्या गेमचे मात्र ध्यानात ठेव: नवा सप्टेंबरात येतो, म्हणून तुझ्याकडचा जुना ऑगस्टमध्येच विकायला काढ.

शनिवारी काका पुण्याला येत आहेत, त्यांच्याबरोबर बेसनाचे लाडू आणि कपाटातल्या तुझ्या प्लेस्टेशन ४ च्या सहा डिस्क पाठवते आहे. सगळ्या पुसून, खोक्यांत नीट घालून ठेवल्या आहेत. त्यांतल्या दोन तू अर्ध्यावर सोडल्या होत्यास. त्या आधी लावून बघ.

तुझी,
आई