वडगावच्या मागाच्या शेडमधलं नाटकघर

टिळकवाडी, बेळगाव
१२ मार्च

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि शेडचा नकाशा मिळाला. आपल्या वडगाव-खासबागेच्या विणकर वस्तीत माग बंद पडले की शेड रिकामी, आणि शेड रिकामी की अपार्टमेंट, हे आता कुणाला नवीन नाही. त्यातली एक तू नाटक-गाण्यासाठी धरून ठेवतोयस, हे फार बरं केलंस. स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत २०१६ साली आपलं नाव आलं, तेव्हापासून शहर सजवायचं म्हटलं की हात पहिल्यांदा भिंतीवर चित्रं रंगवण्याकडे जातो. आपल्याकडच्या पावसात जांभ्याची भिंत आतून ओल धरते, वरच्या रंगाला पोपडे येतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा टेंडर. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, कुमार गंधर्व सुळेभावीचे, असं भाषणात सांगून आपण टाळ्या घेतो. पण आज सुळेभावीहून तबला घेऊन आलेल्या पोराला संध्याकाळी दोन तास परवडेल अशी जागा दाखव म्हटलं, तर बोट कुठं करायचं? माझ्या मते शहराला चित्रांपेक्षा तालमीची खोली जास्त हवी आहे. म्हणून तुझ्या शेडबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम कागदाचं. मालक अकरा महिन्यांचा करार म्हणतोय, त्यावर सही करू नकोस. जमीन, वायरिंग, पडदे यांत पैसे घालायचे आणि बाराव्या महिन्यात चालू लागायचं, याला अर्थ नाही. निदान पाच वर्षांचा करार कर आणि तो रजिस्टर कर. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार रजिस्टर न केल्यास कोर्टात टिकत नाही. दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार हे आकड्यात लिहून घे. कारण कार्यक्रम सुरू झाले, की चहा-कॉफीची दुकानं येतात, गल्ली एकदम 'चांगली' होते आणि पहिला फटका शेजारच्या विणकराच्या भाड्याला बसतो. ते तुझ्या हातात नाही, पण निदान तुझी जागा तरी टिकेल.

आता जमीन. पॉवरलूमचे फाउंडेशन बोल्ट उपटायला जाऊ नकोस, काँक्रीट फुटतं. ग्राइंडरने जमिनीबरोबर कापून घे. त्याखालचे हातमागाचे जुने खड्डे मात्र नुसती माती लोटून बुजवलेले असणार. ते पुन्हा उकर, मुरुमाचा सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर, असं वरपर्यंत ये आणि त्यावर चार इंच काँक्रीट टाक. एकदम भरलंस तर पहिल्या पावसाळ्यात जागा बसते आणि वरची फरशी पोकळ वाजायला लागते. तेल प्यालेल्या जागेवर नवीन सिमेंट धरत नाही. तिथला वरचा इंचभर थर टाचून काढायलाच हवा. कथक-लावणीवाल्यांचे गुडघे सांभाळायचे तर सोळा फूट खोलीच्या रंगभागावर दोन बाय दोन इंची लाकडी पट्ट्या, खाली रबराचे तुकडे, पट्ट्यांत सव्वा ते दीड फूट अंतर, आणि वर १९ मिलिमीटरचं प्लाय. वीस फूट रुंद, सोळा फूट खोल जागेला आठ बाय चार फुटांच्या दहा शीट लागतात. स्टेज उंच करू नकोस, वळचणीला अकराच फूट उंची आहे.

शेडच्या पन्नास फूट लांबीचा हिशेब असा धर: मागे सहा फूट पडद्याआड ये-जा आणि कपडे बदलायला, सोळा फूट खेळायला, बावीस फूट प्रेक्षक, दारापाशी सहा फूट. पुढे दोन रांगा गाद्यांवर, दहा-दहा माणसं. मागे खुर्च्यांच्या पाच रांगा, नऊ-नऊच्या, एका बाजूला चार फुटांची वाट सोडून. पासष्ट झाले, बस्स. खुर्च्यांच्या पहिल्या दोन रांगा जमिनीवर, पण अर्ध्या खुर्चीने सरकवलेल्या. शेवटच्या तीन नऊ, अठरा आणि सत्तावीस इंचांच्या चौकटींवर, मागे कठडा. मोकळ्या वाटेत जास्तीच्या खुर्च्या घालायचा मोह होतोच, तिथं कडक राहा. दोन दारं बाहेर उघडणारी हवीत, आणि खेळ चालू असताना एकालाही कुलूप नको. वापर बदलतोय म्हणून महापालिका आणि अग्निशमन दलाला आधीच भेट. हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, मीटर मागाच्या दराचं असेल तेही बदलून घे, नाहीतर पुढे दंड.

खरी डोकेदुखी शेजारचा चालू माग. कापूस, गादी, थर्माकोल, अंड्याचे ट्रे, कशानंही तो आवाज अडणार नाही. मागाचा धक्का जमिनीतून आणि सामाईक भिंतीतून येतो, आणि भिंतीला चिकटवलेली वस्तू फक्त आतला घुमारा कमी करते. थर्माकोल आणि ट्रे तर आगीला आमंत्रण. उपाय एकच, शेजाऱ्याशी बोलणं. खेळाच्या संध्याकाळी दोन तास माग बंद ठेवायचे, आणि तेवढ्या वेळात जितकं कापड निघालं असतं त्याची मजुरी धरून पैसे द्यायचे. उपकार म्हणून मागू नकोस. हिशेब केलास तर तो वर्षभर पाळतो. तिकिटाच्या खर्चात ती ओळ पहिल्यापासून धर.

आतल्या आवाजासाठी रिकाम्या शेडमध्ये उभं राहून एक टाळी वाज. समोरासमोरच्या भिंतींत ती 'टर्रर्र' करत राहिली, तर संवाद कळणार नाहीत. दोन्ही लांब भिंतींना एक सोडून एक अशा जागी दोन इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडाच्या धाग्यांच्या लोकरीचे) स्लॅब, लाकडी चौकटीत, वर पातळ सुती कापड. मधल्या जागा उघड्याच ठेव. सगळं मऊ केलंस तर बोलणं स्वच्छ होईल, पण बिनमाइकचा गायक घसा ताणून मरेल.

काळे पडदे भिंतीच्या लांबीच्या दुप्पट कापडाचे, चुणीदार, भिंतीपासून चार इंच सोडून. शिवण्याआधी कापड आगीसाठी बुडवून घे: लिटर पाण्याला ७० ग्रॅम टाकणखार, ३० ग्रॅम बोरिक पावडर, कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून. वाळल्यावर कापडाचा तुकडा बाहेर नेऊन काडी लावून बघ. नुसता काळा पडून विझला पाहिजे. पडदा धुतला की औषध गेलं, पुन्हा बुडवायचं. आपल्या दमट हवेत काळ्यावर पांढरी पूड उमटते, ती ब्रशने झटकायची, ओल्या फडक्याने पुसायची नाही.

छताचं सांगायचं तर मंगलोरी कौलं आहेत हे नशीब. पत्र्याखाली जून ते सप्टेंबर नाटक ऐकूच येत नाही. तरी जोराच्या सरीत कौलंही बोलतातच, म्हणून ते चार महिने कार्यशाळा, तालमी आणि माइकवरचं गाणं ठेव, नाटकं दिवाळीनंतर. मे महिन्यात कौलं परतून घे आणि पन्हळ साफ कर.

दिवे छताच्या कैच्यांना टांगू नकोस, जुन्या लाकडाला वाळवी किती लागलीय ते वरून दिसत नाही. जमिनीपासून खांब उभे करून दहा फुटांवर दीड इंची जाड पाइप आडवा बांध. दीडशे वॉटचे आठ एलईडी पार (रंगमंचाचे झोत-दिवे) आणि दोनशेचे सहा उबदार पांढरे दिवे, मिळून २,४०० वॉट, म्हणजे सिंगल फेजवर दहा-अकरा अँपिअर. दोन वेगळ्या सर्किटांवर वाटून दे. साउंडची लाइन तिसऱ्या सर्किटवर, नाहीतर स्पीकरमधून घूंऽऽ येत राहतं. मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच), नवीन अर्थिंग, आणि प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय एक सुरक्षेची साखळी. चेहऱ्यावर उजेड समोरून सरळ नको, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत.

पाटीवर साठ टक्के कन्नड लागतंच, कायदाच आहे, त्यात जीव अडकवू नकोस. उलट कन्नड आणि उर्दू मंडळींनाही त्याच दराने तारखा दे. वडगावात घरोघरी एकाहून जास्त भाषा चालतात की रे. पासष्ट जागा एका भाषेवर वर्षभर भरणार नाहीत. तालमीचा दर तासावर ठेव आणि दुपारचा निम्मा. मोठ्या भाड्याच्या एका लग्नाच्या ऑर्डरसाठी ठरलेली तालीम हलवलीस तर मंडळी परत येत नाहीत.

आता तीन गोष्टी कळव: मधल्या आढ्याची उंची, शेजारच्या भिंतीची जाडी, आणि मीटरपेटीचा उघडा फोटो. टाळीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव, शेडच्या मधोमध उभा राहून, दारं बंद करून. ते बघितलं की रॉकवूल किती लागेल सांगतो, त्याआधी एकही स्लॅब घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना दोस्त