चिठ्ठीतली शेवटची ओळ

ताई,

तुमचं नाव मी विचारलं नाही. जवळजवळ तीन तास तुम्ही माझ्या उशाशी बसून होतात, माझी जन्मतारीख, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, सगळं विचारून घेतलंत, आणि मला मात्र तुम्हाला नाव विचारायचं सुचलं नाही. त्यामुळे हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. त्या दिवशी डोंगरावरच्या घसाऱ्यावर, सुट्या खड्यांच्या उतरणीवर, एक माणूस पाय धरून बसला होता, तो मी. तुमचं निळं जाकीट माझ्याकडेच राहिलंय.

तुम्ही येण्याआधी दोघंजण माझ्या शेजारून गेले होते, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. त्यांचा काही दोष नाही. त्यांनी "बरंय ना?" असं विचारलं आणि मी हात हलवून हसलो. पाय सुजून बुटात मावत नव्हता, तरी हसलो. एवढ्याशा एका दिवसाच्या ट्रेकवर, तेही उतरताना, आपण पडलो हे कबूल करायचं कसं? चढताना सांभाळून चाललो होतो. उतरताना मांड्या थरथरायला लागल्या होत्या, तरी वेग कमी केला नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार रोखत असतो, म्हणून तो चढापेक्षा उतारावर जास्त दुखावतो, हे मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी नंतर समजावलं. तेव्हा एवढंच कळलं की खडे पायाखालून निसटले, पाऊल आत वळलं आणि काहीतरी कट्‌कन वाजलं. ते वाजलेलं मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं.

तुमचा पहिला शब्द "उठू नका" हा होता. मी हात पुढे केला होता, तुम्ही ओढून उभं कराल म्हणून. तुम्ही तो हात धरलात, पण ओढलं नाहीत. खाली बसलात आणि पायाकडे न बघता आधी डोकं आपटलं का, मान दुखते का, पडल्यावर काही क्षण आठवत नाहीत असं झालं का, हे विचारलंत. मला तर राग आला. पाय दुखतोय माझा आणि ह्या मान काय विचारतात! दुखणारा अवयव ओरडून लक्ष वेधतो आणि धोका भलतीकडेच असू शकतो, हे तेव्हा मला कुठलं कळायला.

मग मी ते ठरलेलं वाक्य बोललो, "मुरगळलाय नुसता, चालेन मी हळूहळू." तुम्ही बुटाच्या नाड्या सैल केल्यात, बूट पायातच ठेवलात, बोटं आत सरकवून घोट्याच्या बाहेरच्या हाडाची मागची कड खालून वर दाबत गेलात. एका जागी मी ओरडलो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग चार पावलं टाकून बघायचीही गरज नाही."

हे चार पावलांचं काय ते मला पुढे कितीतरी दिवस कळेना. तीन का नाहीत, पाच का नाहीत? अंथरुणाला खिळल्यावर वेळच वेळ होता, तेव्हा सापडलं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले नियम आहेत, त्याच गावाच्या नावाने ओळखले जातात. प्रत्येक मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे काढावा लागू नये म्हणून केलेले. घोट्याभोवती दुखत असेल आणि आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेला, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये किंवा टोकाशी, दाबल्यावर दुखलं तर एक्स-रे. इजा झाल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तरीही एक्स-रे. यांतलं एक जुळलं तरी पुरे. तुम्हाला माझ्या ओरडण्यातच उत्तर मिळालं होतं. तुम्ही डॉक्टर आहात, नर्स आहात की नुसत्या जाणत्या, मला ठाऊक नाही. असो, निदान बरोबर होतं. हाड मोडलं होतं आणि सांधाही जागेवरून जरा सरकला होता.

त्यानंतरचं तुमचं काम मी कौतुकाने बघत होतो असं म्हणालो तर खोटं होईल. मी कण्हत होतो आणि चिडचिड करत होतो. पण आता एकेक आठवतं. बसायची फोमची घडी उलगडून तुम्ही ती घोट्याच्या तळाखालून दोन्ही बाजूंना वर घेतलीत आणि रुमालांनी बांधलीत, गाठी दुखऱ्या जागेपासून दूर. बांधण्याआधी आणि बांधल्यानंतर, दोन्ही वेळा, बुटातून बोटांपर्यंत हात घालून विचारलंत, "इथे लागतंय? कुठलं बोट आहे हे?" मला वाटलं, माझं लक्ष वळवायला काहीतरी खेळ चाललाय. बांधलेलं फार घट्ट होऊन रक्त किंवा संवेदना अडत नाही ना, ते तुम्ही बघत होतात. दर थोड्या वेळाने तेच. मग माझी सॅक रिकामी करून ती माझ्याखाली सरकवलीत आणि अंगावर तुमचं जाकीट. मी म्हणालो, मला थंडी वाजत नाहीये. तुम्ही म्हणालात, "वाजेल." वीस मिनिटांत दात वाजायला लागले. हललं नाही की अंग फारशी ऊब तयार करत नाही आणि खालची जमीन असलेली ऊबही ओढून घेते.

रेंज नव्हती. दोन तरुण वरून उतरत आले तेव्हा त्यांतला एकजण म्हणाला, "मी पळत जाऊन सांगतो." तुम्ही दोघांनाही एकत्र पाठवलंत, पळू नका असं बजावून. आणि पाठवण्याआधी चिठ्ठी लिहिलीत. पेन्सिलीचा एवढासा तुकडा होता तो. मला ते सगळं फारच कागदी वाटलं होतं. तोंडी सांगायला काय झालं?

तीनच्या सुमारास मी सॅकमधून निघालेलं काहीतरी खायला तोंडाशी नेलं आणि तुम्ही ते काढून घेतलंत. "भूल द्यावी लागली तर?" पाणी मात्र घोट घोट देत होतात. खरं सांगतो, त्या क्षणी तुमच्याइतकी दुष्ट बाई जगात दुसरी नव्हती.

आणि शिटी. मदतपथकाचे आवाज खालून यायला लागले, पण आपण वळणाच्या आड होतो. तुम्ही एका मिनिटात सहा वेळा शिटी वाजवलीत, मग एक मिनिट गप्प, मग पुन्हा सहा. खालून तीनच आल्या. मी म्हणालो, दमलेत वाटतं बिचारे. तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसलात. सहा म्हणजे मदत हवी, तीन म्हणजे ऐकलं, येतोय. आल्प्समध्ये १८९४ पासूनची ही खूण आहे म्हणे. मी इतकी वर्षं सॅकच्या पट्ट्यावर शिटी मिरवत होतो आणि ती कशी वाजवायची ते माहीत नव्हतं.

पुढचं सगळं भराभर झालं. स्ट्रेचर, आळीपाळीने खांदे देणारी माणसं, गाडी. वळून बघितलं तेव्हा तुम्ही काठी टेकत मागे मागे येत होतात, बिनजाकिटाच्या. मग दिसेनाशा झालात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. तुम्ही मला एकदा विचारलं होतं, "घरी सांगून आलात ना, कुठल्या वाटेने जाणार ते?" मी म्हणालो, "हो हो, सगळं सांगितलंय." ते खोटं होतं. "जरा बाहेर जाऊन येतो" एवढंच सांगून निघालो होतो. माझी बायको मला मित्राकडे समजत होती. पाय मोडला होता, पण शहाणपणाचा आव मोडवत नव्हता.

रुग्णालयात सांधा जागेवर बसवायचा म्हणून भूलतज्ज्ञ आले आणि शेवटचं कधी खाल्लंत म्हणून विचारलं. मला आठवेना. त्यांनी फाइलमधून एक चुरगळलेला कागद काढला आणि स्वतःच वाचला, "सव्वाबारा." तुमची चिठ्ठी त्या मुलांकडून पथकाकडे आणि पथकाकडून इथपर्यंत आली होती. घन पदार्थ खाऊन साधारण सहा तास झालेले असावे लागतात. तीनचा तो घास पोटात असता तर त्या सुजलेल्या, वाकड्या पायासकट कदाचित आणखी थांबावं लागलं असतं.

मी तो कागद मागून घेतला. वेळ, जागा, उतरताना डावीकडे की उजवीकडे, डोक्याला मार नाही, बोटांना स्पर्श कळतो, ॲलर्जी नाही. ज्यांना तुम्ही कधी भेटणार नव्हतात, त्यांना काय काय विचारावंसं वाटेल ते सगळं आधीच लिहिलेलं. सगळ्यात खाली बायकोचा नंबर, आणि त्याच्यापुढे: "घरी कळवावे. त्यांना ही वाट माहीत नसावी."

तुम्हाला कळलं होतं तर. तरीही तीन तासांत तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. माझी लाज झाकलीत आणि बायकोला फोन जाईल एवढंही बघितलंत.

आठवड्याने सूज उतरल्यावर प्लेट बसवली, सहा आठवडे पाय टेकवला नाही. मग एका पायावर डोळे मिटून उभं राहायचा व्यायाम, जो दिसतो सोपा आणि पहिल्या दिवशी मला चार सेकंदही जमला नाही. गेल्या रविवारी पुन्हा निघालो, एका सपाट, लहानशा वाटेवर. निघण्याआधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चिठ्ठी ठेवली: कुठून चढणार, कुठून उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. बायकोने ती दोनदा वाचली आणि काही बोलली नाही.

जाकीट धुऊन, घडी घालून ठेवलंय. कुठे पाठवू तेवढं कळवा. खिशात तुमचा पेन्सिलीचा तुकडा होता, तोही आहे. ओट्यावरची चिठ्ठी लिहायला तोच घेतला होता. त्याला टोक करावं लागलं, त्यामुळे तो आणखी थोडा लहान झाला आहे, तेवढं सांभाळून घ्या.

तुमचा,
घसाऱ्यावरचा तो माणूस