मोटरहोम म्हणजे कुठेही मुक्काम नव्हे

महोदय,

प्रवासलेखांत ‘वाटेल तिथे थांबा, समुद्राकाठी झोपा’ असं सर्रास छापून येतं. त्यावर विसंबून आम्ही दोघं ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडवर मोटरहोम (आतच झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन निघालो. तिथे रस्त्याकडेला रात्र काढायला मनाई आहे, ठरलेल्या तळावरच जावं लागतं. अंधारात तळ शोधताना एका वळणावर कपाट उघडलं आणि सगळ्या ताटल्या खाली! (कडी मी लावली नव्हती, असं हिचं म्हणणं.)

रस्ता मात्र अप्रतिम. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तो १९१९ ते १९३२ मध्ये बांधला. ‘ट्वेल्व्ह अपोस्टल्स’ (म्हणजे ‘बारा प्रेषित’) नावाचे समुद्रातले खडकांचे सुळके हिने दोनदा मोजले, आठच भरले. बारा कधी नव्हतेच. जे होते त्यातलाही एक २००५ मध्ये कोसळला. आम्ही वाचलेल्या लेखात तेही बाराच छापले होते.

– एक वाचक