पदवी कुणाची, तेवढं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या शिक्षण पुरवणीत बारावीनंतरच्या वाटांवर लेख आला. लेखात कॉम्प्युटर की मेकॅनिकल, बीएस्सी की बीसीए, याची चर्चा होती आणि ती बरीही होती. पण कॉलेज कुठल्या प्रकारचं निवडावं यावर एक वाक्य नव्हतं. उरलेल्या पानांवर ज्या जाहिराती होत्या, त्या तर ही गोष्ट कळूच नये अशा बेतानं लिहिलेल्या होत्या.

मी सांगोल्यात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पॅन कार्ड ही कामं बारमाही. जून ते ऑगस्टमध्ये मात्र दुकानात उभं राहायला जागा नसते. कॅपची, म्हणजे सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेनंतरच्या सरकारी प्रवेश फेऱ्यांची नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म, नंतर महाडीबीटी, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज. फॉर्ममागे पैसे घेते, समाजसेवा करते असा आव आणत नाही. पण मुलगा खुर्चीत, बाप मागं उभा, आई दाराशी, अशा अवस्थेत एका घराचा निर्णय होताना मी रोज बघते. ब्रँच कुठली मिळेल, होस्टेल आहे का, प्लेसमेंट किती, हे सगळे विचारतात. शेवटी मिळणाऱ्या कागदावर सही कुणाची असणार, हे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे पदवी देण्याचा अधिकार कुणालाही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ सांगतं, की कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत, म्हणजे विद्यापीठासमान दर्जा मिळालेली संस्था किंवा संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. बाकी सगळी कॉलेजं कुणाच्या ना कुणाच्या छत्राखाली असतात. आमच्या भागातलं साधं पदवी कॉलेज सोलापूर विद्यापीठाला संलग्न असतं, म्हणजे पदवी त्या विद्यापीठाची. इंजिनिअरिंगचं असेल तर ते लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचंही असू शकतं. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम स्वतः ठरवतं, परीक्षा स्वतः घेतं, पण पदवी मूळ विद्यापीठाचीच मिळते. खासगी विद्यापीठाचा विधिमंडळानं केलेला कायदा असतो आणि पदवी त्याची स्वतःची असते. अभिमत संस्थेचंही तसंच. मात्र तिनं नावापुढं कंसात तसं लिहायचं असतं, आणि जाहिरातीत तो कंस शोधायला भिंग लागतं.

अभिमत म्हणजे महागडं खासगी, असं एक समीकरण लोकांच्या डोक्यात बसलंय, तेही खरं नाही. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था अभिमतच आहे, पण ती राज्य सरकारची, आणि तिथं कॅपमधून जाता येतं. म्हणून नुसता प्रकार कळूनही भागत नाही. जागा कॅपमधून भरतात की संस्था स्वतः भरते, हा त्याच्या जोडीचा प्रश्न आहे. आमच्यासारख्या तालुक्यात तर तोच मोठा, कारण फीची सगळी गणितं त्यावर फिरतात.

गेल्या हंगामात एक डाळिंबवाले शेतकरी मुलीला घेऊन आले. मुलीला सीईटीत चांगले पर्सेंटाइल होते. बारावीची परीक्षा संपल्या संपल्याच त्यांनी एका खासगी विद्यापीठात ‘सीट बुक’ केली होती. माझ्याकडं आले ते महाडीबीटीचा फॉर्म भरायला. मी कॅपचं अलॉटमेंट लेटर मागितलं तर ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, “ताई, सरकारनं मुलींचं माफ केलंय की. मग कुठं बी घेतलं तर काय?”

माफ केलंय, हे खरं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. पण प्रवेश कॅपमधून हवा, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे खासगी) विद्यापीठं या निर्णयातून वगळली आहेत. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची जी शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिलाही कॅपची अट आहेच. सीट बुक करून देणाऱ्या एजंटानं या शेतकऱ्यांना सांगितलं होतं, “स्कॉलरशिप मिळते.” तो खोटं बोलला नव्हता. संस्थेची स्वतःची स्कॉलरशिप होती, पहिल्या वर्षी फीत थोडी सूट, आणि पुढच्या वर्षी ठरावीक मार्क पडले तरच पुन्हा. सरकारी माफी आणि संस्थेची सवलत यांना एकच शब्द वापरला, की समोरच्याला जे ऐकायचं असतं ते तो ऐकतो.

मुलगी हुशार. बापाला न विचारता तिनं कॅपची नोंदणी मुदतीत करून ठेवली होती, म्हणून ऑप्शन फॉर्म तरी भरता आला. मूळ कागद मात्र तिकडं अडकले होते. अनुदान आयोगानं २०१८ मध्येच कळवलंय, की संस्थेनं मूळ प्रमाणपत्रं तपासून लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर किरकोळ कपात करून सगळी फी परत, त्यानंतर टप्प्याटप्प्यानं कमी, आणि शेवटची तारीख उलटून महिना झाला की काहीच नाही. हे पत्रक मी छापून त्यांच्या हातात दिलं. कागद मिळाले. पैसे अर्धेअधिक आले, उरलेल्यांसाठी फोन चालूच आहेत. मुलीला कॅपमधून शेजारच्या जिल्ह्यात तीच ब्रँच मिळाली.

खासगी विद्यापीठं वाईट असं मला म्हणायचं नाही. डिझाइनसारखे काही अभ्यासक्रम तिथं बरे चालतात, प्रयोगशाळा नव्या असतात, ज्याची ऐपत आहे त्यानं जरूर बघावं. पण कर्ज काढून जाणाऱ्याला निदान कळू द्या, की आपण माफीच्या रांगेतून बाहेर पडतोय. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. मी दाखवते तेव्हा पालकांना हे नवलच वाटतं. ‘डेव्हलपमेंट’च्या नावानं वरचे पैसे मागणाऱ्यासमोर मोबाइलवर तो आकडा धरला, तर बोलण्याचा सूर बदलतो, हा आमच्याकडचा अनुभव आहे.

जाहिरातीतलं दुसरं ठळक अक्षर म्हणजे मानांकन. नॅक या राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेची श्रेणी संपूर्ण संस्थेला असते आणि तिला मुदत असते. एनबीए या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता मात्र एकेका अभ्यासक्रमाला मिळते. जाहिरातीत ‘एनबीए मान्यताप्राप्त’ मोठ्या टायपात येतं. कुठल्या ब्रँचला, ते नसतं. सिव्हिल आणि मेकॅनिकलला मान्यता, आणि पोरगं चाललंय परवा सुरू झालेल्या एआय-एमएलला (कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ब्रँचला). मुळात विद्यार्थ्यांच्या तुकड्या पास होऊन बाहेर पडल्याशिवाय त्या ब्रँचला ती मिळतच नाही. नवी ब्रँच म्हणून नाकारा असं नाही, पण तिला शिकवायला कोण आहे ते तरी विचारा. बऱ्याच ठिकाणी पाटी बदललेली असते आणि वर्गात मास्तर तेच.

बीबीए, बीसीए, बीएमएसचा गोंधळ वेगळाच. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले, आपल्याकडं त्यांना सीईटी लागली. मग पुष्कळ कॉलेजांनी त्याच वर्गाला ‘बीकॉम, मॅनेजमेंट स्टडीज’ असं नाव दिलं आणि सीईटीशिवाय प्रवेश दिले. अभ्यास जवळपास तोच असेलही, पण मार्कलिस्टवर काय छापून येणार हे पालकाला प्रवेशाच्या दिवशी कळायला हवं, तिसऱ्या वर्षी नव्हे.

दहावीवाल्यांसाठी थोडं लिहायचंच आहे. पुरवणीत त्यांना जागाच नव्हती. पॉलिटेक्निक म्हणजे कमी मार्कवाल्यांची सोय, ही समजूत अजून हटत नाही. तीन वर्षांचा डिप्लोमा, परीक्षा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या, आणि पुढं हवं तर डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग. बारावीच्या वाटेनं जाणारा आणि हा, दोघंही पदवीला दहावीनंतर सहा वर्षांनीच पोचतात. वाटेत याच्या हातात एक डिप्लोमा जास्तीचा असतो, आणि घरची स्थिती बिघडली तर तिथंच थांबून कामाला लागता येतं. अकरावीला आलेलं पोर दोन वर्षं क्लासमध्ये पिळून निघतं आणि सीईटीत घसरलं तर हातात नुसती बारावी राहते. मात्र डिप्लोमावाल्यांना एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित जड जातं, हे आधीच सांगितलेलं बरं. सेकंड इयरला गेलेली आमची पोरं गणितातच अडकतात. त्या सुट्टीत इंटिग्रेशन पुन्हा करून गेलेली तगतात. आयटीआयबद्दल स्वतंत्र पत्र लिहीन, ते दोन ओळींत उरकण्यासारखं नाही.

आता एक गोष्ट, जी लिहावी की नाही असं वाटत होतं. मे महिन्यापासून आमच्यासारख्या केंद्रांवर चांगल्या कपड्यांतली मुलं येतात. नाव, टक्के, मोबाइल नंबर, एवढीच यादी मागतात आणि प्रवेश झाला की माणशी पैसे देऊ म्हणतात. कोण कुठल्या संस्थेकडून येतं ते मी इथं लिहिणार नाही. मी यादी देत नाही. पण निकालाच्या दिवशी दुपारीच पालकांना ‘अभिनंदन, तुमच्या पाल्याची जागा राखीव आहे’ असे फोन येतात, त्याअर्थी यादी कुठून तरी जातेच. पालकाला वाटतं, एवढ्या लांबून फोन आला म्हणजे आपल्या पोराची दखल घेतली. त्या फोनवर विचारायचे प्रश्न त्याला कुणी शिकवलेले नसतात. कॅपमधला कॉलेजचा कोड काय? नसेल तर का नाही? पदवी कुठल्या विद्यापीठाची? ‘अमुक कंपनीच्या सहयोगानं’ म्हणता, तर कंपनीचं नाव पदवीवर असणार की वेगळ्या सर्टिफिकेटवर?

संपादक साहेब, जाहिराती घेऊ नका असं म्हणायला मी काही अडाणी नाही, पेपर त्यावर चालतो. पण शैक्षणिक जाहिरातीखाली एक पट्टी सक्तीची करता येईल. संस्था संलग्न, स्वायत्त, अभिमत की खासगी विद्यापीठ, पदवी कुणाची, प्रवेश कॅपमधून आहे का, शासनाची शुल्कमाफी लागू आहे का, आणि एनबीए असेल तर कुठल्या ब्रँचला कधीपर्यंत. जो जाहिरातदार हे द्यायला नाही म्हणेल, त्याच्या जाहिरातीखाली ‘माहिती दिली नाही’ एवढंच छापा. आणि हे करायचं तर निकालाच्या आधीच्या अंकांपासून करा. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते, त्यानंतर माझ्याकडं येऊन कुणी कितीही विनवलं तरी स्क्रीनवरचं बटण उघडत नाही.

आपली,
अर्ज केंद्रचालक व नियमित वाचक,
सांगोला, जि. सोलापूर